पोटाचा शेक : उपयोग आणि मर्यादा



पोटात कळ येऊ लागली की आपल्याकडील घराघरांत पहिला उपाय होतो तो शेकाचा. कोणी तव्यावर फडके गरम करते, कोणी चुलीतील वीट कापडात गुंडाळून आणते, कोणी मिठाची किंवा ओव्याची पुरचुंडी बांधते, तर कोणी एरंडाचे पान गरम करून पोटावर ठेवते. अलीकडे रबरी पिशवी आणि विजेवर तापणारी पिशवीही घरोघरी आली आहे. साधन बदलले, परंतु श्रद्धा तीच राहिली. ही श्रद्धा निराधार नाही. उबेने पोटाचे दुखणे खरोखरच हलके होते आणि ते का होते हे शास्त्राने आता बऱ्याच अंशी उलगडले आहे. मात्र दुखणे हलके होणे आणि आजार बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील फरक न कळल्यामुळे कित्येक रुग्ण दवाखान्याची पायरी उशिरा चढतात आणि काहींच्या बाबतीत हा उशीर प्राणावर बेततो. म्हणून शेक कोणी, केव्हा व कसा घ्यावा आणि केव्हा मुळीच घेऊ नये, याचा साकल्याने विचार होणे अगत्याचे आहे.

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूरसारख्या गावात तर या विषयाला विशेष महत्त्व आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हा भाग उसाचा. हरेगावच्या जुन्या साखर कारखान्याने बेलापूरचे नाव सर्वदूर नेले आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील श्रीरामपूरचे स्थानकही याच नावाने ओळखले गेले. उसाच्या हंगामात तोडणीसाठी आलेली कुटुंबे फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. पहाटे उठायचे, मिळेल ते पाणी प्यायचे, आडोसा मिळेल तेथे शौचास जायचे आणि दुखणे अंगावर काढायचे, कारण एका दिवसाचा खाडा परवडत नाही. अशा ठिकाणी पोटाचे जुनाट दुखणे असलेल्या माणसाला विटेच्या शेकाखेरीज दुसरा आधार सहसा नसतो. तो आधार काढून घेणे हा या विवेचनाचा हेतू नाही. तो सुरक्षित व्हावा आणि त्याच्या पुढची वाट मोकळी व्हावी, एवढाच हेतू आहे.

जुनाट दुखणे म्हणजे काय ?

जुन्या पिढीतील माणसे वरचेवर शौचास होणे, पोटात मुरडा येणे आणि माणूस खंगत जाणे या सगळ्याला 'संग्रहणी' या एकाच नावाने ओळखत असत. आधुनिक वैद्यक या एका नावाखाली निरनिराळे आजार पाहते. त्यांतील चार प्रमुख आजारांची ओळख सर्वांना असावी.

पहिला आजार आतड्याच्या चलनवलनातील बिघाडाचा. यात आतड्याला जखम किंवा सूज नसते. पण त्याचे स्नायू अवेळी आकसतात आणि आतड्यातील मज्जातंतू साध्या ताणालाही वेदना म्हणून वर कळवतात. निदानाचे २०१६ मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष असे सांगतात की, मागील तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल, त्याचा संबंध शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या स्वरूपाशी असेल आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर या विकाराचा विचार करावा. हा आजार जीवघेणा नाही. परंतु तो माणसाचे काम, झोप व मन यांची नासाडी करतो.

दुसरा गट आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा. मोठ्या आतड्यात व्रण होऊन रक्त-आव पडणारा व्रणयुक्त दाह आणि न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ साली वर्णिलेला क्रोनचा आजार हे या गटातील दोन मुख्य विकार. तिसरा आजार आतड्यांचा क्षय. क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खोकला येतो. पण क्षयाचे जंतू लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याजवळही ठाण मांडतात. हा आजार आणि क्रोनचा आजार इतके सारखे दिसतात की त्यांतील भेद करताना तज्ज्ञांचीही कसोटी लागते. चौथा म्हणजे दूषित पाण्यातून होणारा अमिबाजन्य आमांश. तो वेळीच पुरता बरा केला नाही तर पुन:पुन्हा उद्भवतो.

या चारही आजारांत पोट दुखते आणि शेकल्यावर थोडे बरे वाटते. म्हणजेच शेकाने बरे वाटले, एवढ्यावरून कोणता आजार आहे हे ठरत नाही. ही पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

आयुर्वेदातील स्वेद

उष्णतेचा उपचार आपल्या देशात नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय संपूर्णपणे स्वेदाला, म्हणजे शेक व घाम काढण्याच्या उपचाराला वाहिलेला आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. पुरचुंडीने शेकणे, नळीने वाफ देणे, कोमट काढ्याची धार धरणे, काढ्यात बसविणे, तापलेल्या शिळेवर निजविणे असे नाना प्रकार त्यात आढळतात. सुश्रुताने ताप, उष्म, उपनाह आणि द्रव असे चार भेद केले. पोट फुगणे आणि मलाचा अवरोध होणे या तक्रारींचा समावेश स्वेद देण्यास योग्य अशा विकारांत करण्यात आला आहे.

परंतु याच अध्यायातील दुसरा भाग आपण विसरून गेलो आहोत. स्वेद कोणाला देऊ नये याचीही यादी तेथे आहे. गर्भवती स्त्री, अतिसाराचा रोगी, रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेला रोगी, नित्य मद्य पिणारा, शुद्ध हरपलेला मनुष्य आणि मधुमेही यांना स्वेद वर्ज्य मानला आहे. आजचा डॉक्टरही मधुमेही रुग्णाच्या बधिर झालेल्या कातडीला शेक देऊ नका, असेच बजावतो. प्राचीन शास्त्र आणि आधुनिक अनुभव येथे एकमेकांना दुजोरा देतात. ज्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेदाच्या शिक्षणाची परंपरा रुजविली, तेथील नागरिकांनी तरी आयुर्वेदातील उपाय घेताना त्याचा निषेधही घ्यावा, ही अपेक्षा रास्तच ठरेल.

शेक काम कसा करतो ?

पोटावर ठेवलेली ऊब थेट आतड्यापर्यंत जाऊन ते शेकून काढते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. कातडीखालील चरबी उष्णता अडविते आणि वाहते रक्त ती वाहून नेते. त्यामुळे बाहेरील ऊब कातडीखाली एक-दोन सेंटिमीटरपलीकडे फारशी पोचत नाही. मग दुखणे कमी का होते ? याचे उत्तर मज्जासंस्थेत आहे.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेविषयी एक सिद्धान्त मांडला. मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या वाटेवर पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते. कातडीवरून येणाऱ्या स्पर्शाच्या संवेदनांची त्या फाटकाशी गर्दी झाली की वेदनेचा संदेश मागे रेटला जातो. ठेच लागलेली जागा आपण नकळत चोळतो, त्यामागील कारण हेच. शेकाच्या परिणामाचा एक भाग या सिद्धान्ताने समजावून घेता येतो.

पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिरचीतील तिखट द्रव्य ज्या ग्राहकावर काम करते तो ग्राहक शोधून काढला. हाच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढील उष्णतेनेही जागा होतो असे दिसून आले. मिरची जिभेला 'भाजते' असे आपण म्हणतो, ते शब्दश: खरे ठरले. या कार्याबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासमवेत देण्यात आले. २००६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी पेशींवरील प्रयोगांतून असे दाखविले की, ४० अंशांहून अधिक उष्णतेने जागे झालेले ग्राहक वेदनेची सूचना देणाऱ्या दुसऱ्या ग्राहकांचे काम रोखून धरतात. मात्र हा परिणाम तात्पुरता असतो. याखेरीज उबेने पोटाच्या भिंतीचे आवळलेले स्नायू सैल पडतात, कातडीतील रक्तप्रवाह वाढतो आणि भेदरलेल्या मनाला स्वस्थता लाभते. आतडे व मन यांचे नाते निकटचे असल्याने ही स्वस्थताही उपयोगी पडते.

प्रत्यक्ष पुरावा पाहावयाचा तर मासिक पाळीतील पोटदुखीवर तो चांगला आहे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे ३९ अंशांची सौम्य ऊब बराच वेळ देणारी पट्टी आणि वेदनाशामक गोळी यांचा गुण जवळजवळ सारखाच दिसून आला. आतड्यांच्या जुनाट विकारांवर अशा मोठ्या चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. तेथे शेकाची मदार रुग्णांच्या अनुभवावर आणि वर सांगितलेल्या शारीरिक कारणांवर आहे. सौम्य, स्वस्त व नीट वापरल्यास निर्धोक असा हा जोडउपाय आहे; मुख्य उपाय नव्हे.

शेक देण्याची योग्य रीत

उपयोगी ऊब आणि भाजणारी उष्णता यांतील अंतर अगदी थोडे आहे. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी केलेल्या प्रसिद्ध अभ्यासानुसार ४४ अंशांची उष्णता सुमारे सहा तास कातडीला लागून राहिली तरी ती भाजते; ७० अंशांना तर एक सेकंदही पुरतो. म्हणून ऊब सोसवेल इतकीच असावी आणि वेळ मोजून द्यावी. पुढील गोष्टी घरोघरी पाळण्याजोग्या आहेत :

१. रबरी पिशवीत उकळते पाणी ओतू नये. उकळलेले पाणी थोडे निववून पिशवी दोन-तृतीयांश भरावी, आतील हवा दाबून काढावी आणि झाकण घट्ट लावून पिशवी उलटी धरून पाहावी.

२. पिशवी जाड पंचात गुंडाळूनच पोटावर ठेवावी. आधी ती मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावी. तेथे सोसवत नसेल तर पोटालाही सोसणार नाही.

३. एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे शेकावे. मध्ये एकदा कातडी पाहावी. ती लालभडक झाली किंवा चुरचुरू लागली तर शेक थांबवावा.

४. पिशवी अंगाखाली घेऊन किंवा पोटावर ठेवून झोपू नये. भाजण्याचे अनेक प्रकार झोपेतच घडतात.

५. रबर चिरलेले, चिकट किंवा कडक झालेले असेल तर ती पिशवी टाकून द्यावी. विजेची पिशवी तापल्यावर विजेपासून सोडवूनच अंगाजवळ आणावी.

६. वीट, वाळू वा मीठ तापविले तर त्याची उष्णता किती हे हाताला चटकन कळत नाही. वरून निवलेली वीट आतून तप्त असते. तिला कापडाचे दोन-तीन पदर गुंडाळावेत आणि ती सतत जागेवरून हलवत राहावी.

७. खोली बंद करून आत शेगडी ठेवू नये. कोळशाच्या विषारी वायूला रंग नसतो आणि वासही नसतो.

ज्यांच्या बुडाशी मूळव्याधीची किंवा भेगेची वेदना आहे, त्यांना घमेल्यात वा टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसण्याने आराम पडतो. या कटिस्नानाला खर्च नाही. मात्र पाणी स्वच्छ आणि केवळ कोमट असावे.

मधुमेही, पक्षाघाताने अंग बधिर झालेले, मद्याच्या अमलाखाली असलेले आणि अतिवृद्ध रुग्ण यांना उष्णतेची जाणीव पुरती होत नाही. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय पोट शेकू नये. तान्ह्या मुलाला तर घरच्या घरी कोणताही शेक देऊ नये. स्टिरॉइडची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांची कातडी पातळ झालेली असते, त्यांनीही जपावे.

महिनोन् महिने रोज शेक घेणाऱ्यांच्या पोटावर तपकिरी, जाळीदार डाग उमटतात. काश्मीरमध्ये फेरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर असे डाग पडतात आणि वर्षानुवर्षांच्या त्या धगीने कित्येकांना कातडीचा कर्करोगही होतो. पोटावरील अशा डागाचा आणखी एक अर्थ आहे. हा माणूस बरेच महिने दुखणे सोसतो आहे आणि त्याचा तपास झालेला नाही, असे तो डाग सांगत असतो. आरोग्य सेविकेला किंवा आशा कार्यकर्तीला तो दिसला, तर "हे दुखणे केव्हापासून आहे ?" हा प्रश्न तिने आवर्जून विचारावा.

चटका म्हणजे शेक नव्हे

शेकाच्या नावाखाली काही ठिकाणी अघोरी प्रकार चालतात. त्यांचा येथे स्पष्ट निषेध केला पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने त्याच्या पोटावर चटके देण्याची प्रथा आहे. तिला 'डंबा' असे म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील अवघ्या बावीस दिवसांच्या बालकाला असे चटके देण्यात आल्याचे उघडकीस आले आणि साऱ्या महाराष्ट्राला हळहळ वाटली. बिब्ब्याचे चटके, डागण्या हे प्रकार इतर जिल्ह्यांतही ऐकिवात आहेत. चटक्याने पोटातील दुखणे जात नाही. भाजल्याच्या मोठ्या वेदनेत आतील लहान वेदना काही काळ बुडून जाते इतकेच. आणि मागे जखम, जंतुसंसर्ग व अमूल्य वेळेचा नाश उरतो.

भूतबाधा उतरविण्याच्या नावाखाली तापलेल्या वस्तूचा चटका देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु केवळ कायद्याने हा प्रश्न सुटणार नाही. आई-बाप मुलाचा द्वेष म्हणून त्याला डागत नाहीत. जवळ दुसरा उपाय दिसत नाही म्हणून ते डागतात. तो दुसरा उपाय त्यांच्या दारापर्यंत नेणे हे गावाच्या कारभाऱ्यांचे काम आहे.

हे दुखणे शेकू नका

शेकाचा सर्वांत मोठा धोका भाजण्याचा नाही, तो विलंबाचा आहे. काही दुखण्यांत प्रत्येक तास मोलाचा असतो आणि शेकाने मिळालेला थोडासा आराम रुग्णाला घरीच बसवून ठेवतो.

याचा एक ऐतिहासिक दाखला पुण्यातील आहे. महात्मा गांधी हे निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते होते. माती, पाणी, कटिस्नान यांवर त्यांची निष्ठा होती. पुढे आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रमाची स्थापना केली. अशा गांधीजींना १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या कारागृहात पोटदुखी सुरू झाली. ती आंत्रपुच्छाच्या दाहाची, म्हणजे अपेंडिक्सची होती. त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. निसर्गोपचारावर निष्ठा असलेल्या या महापुरुषाने प्रसंग ओळखून शस्त्रक्रियेला संमती दिली. घरगुती उपायांवर विश्वास असणे आणि त्यांची मर्यादा ओळखणे यांत विरोध नाही, हेच या घटनेवरून दिसते.

पुढील लक्षणे दिसताच शेक, एरंडेल, जुलाबाचे औषध वा पोट चोळणे यांत वेळ न दवडता रुग्णाला रुग्णालयात न्यावे :

— बेंबीजवळ सुरू होऊन उजव्या बाजूस खाली सरकलेले, वाढत जाणारे दुखणे. सोबत ताप वा उलट्या.

— पोट फळीसारखे कडक होणे, हात लावू न देणे.

— पोट फुगून वारा व शौच दोन्ही बंद होणे.

— शौचातून रक्त पडणे, शौचास डांबरासारखी काळी होणे किंवा रक्ताची उलटी.

— गर्भवती स्त्रीचे, किंवा पाळी चुकलेल्या स्त्रीचे एकाएकी उठलेले ओटीपोटातील दुखणे.

— पोटाच्या वरच्या भागातील दुखणे, सोबत दरदरून घाम, धाप किंवा छातीत दडपण. हे दुखणे पोटाचे नसून हृदयाचे असू शकते.

यांखेरीज काही लक्षणे तातडीची नसली तरी तपासाची मागणी करतात. वजन घटणे, संध्याकाळी ताप येणे, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणे, रक्त कमी होऊन फिकटपणा येणे, पन्नाशीनंतर प्रथमच शौचाच्या सवयीत बदल होणे, ही ती लक्षणे होत. ज्यांना आतड्याच्या दाहाचा आजार असल्याचे निदान झाले आहे, त्यांनीही ताप, रक्तस्राव किंवा पोटफुगी वाढल्यास शेक बंद करून डॉक्टरांना गाठावे. शेकाने दाह कमी होत नाही. दाह आवरणारी औषधे वेगळी असतात आणि पोट शेकून बरे वाटले म्हणून ती मनाने थांबविणे घातक ठरते.

मूळ आजाराकडे लक्ष

आतड्याच्या क्षयावर शासकीय आरोग्य केंद्रांतून विनामूल्य औषधोपचार मिळतो. नेहमीचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो आणि तो पुरा केल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात. उपचार चालू असताना पोषणासाठी शासन दरमहा अर्थसाहाय्य देते. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये करण्यात आले. अमिबाजन्य आमांशावर परिणामकारक व स्वस्त औषधे आहेत. मात्र ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घेतली पाहिजेत. आतड्याच्या चलनवलनातील बिघाडात जेवणाच्या वेळा नियमित ठेवणे, इसबगोलसारखा विरघळणारा चोथा घेणे, अतितिखट व तळलेले पदार्थ कमी करणे, पुरेशी झोप आणि रोज चालणे यांनी पुष्कळ फरक पडतो. मिरचीतील द्रव्य आणि उष्णता यांचा ग्राहक एकच आहे हे वर सांगितलेच आहे. हळव्या झालेल्या आतड्याला तिखट का सोसत नाही, याचा काहीसा उलगडा त्यावरून होतो. या सर्व उपायांच्या जोडीला सोसवेल असा शेक घेण्यास हरकत नाही.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कर्तव्य

पोटाचे जुनाट दुखणे हा केवळ एका रुग्णाचा खाजगी प्रश्न नाही. त्याची बरीच मुळे गावाच्या पाण्यात आणि गावाच्या संकोचात असतात. ग्रामपंचायतीने पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर नियमित व योग्य प्रमाणात पडते की नाही, गळक्या नळवाहिन्या दुरुस्त होतात की नाही, हे पाहिले तर आमांशाचे कित्येक रुग्ण निर्माणच होणार नाहीत. उसाच्या फडाजवळील कोप्यांपर्यंत शुद्ध पाणी व फिरती शौचालये पोचली पाहिजेत. हंगामापुरती आलेली माणसे ही आपल्या गावची माणसे नव्हेत, असे मानून चालणार नाही. पाण्याला आणि रोगाला वस्तीच्या सीमा ठाऊक नसतात.

शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वरचेवर "पोट दुखते" म्हणणारा विद्यार्थी दर वेळी अभ्यास चुकवीत नसतो. त्याचे वजन वाढते आहे काय, तो मधल्या वेळचे जेवण जेवतो काय, हे पाहून पालकांना दवाखान्यात पाठवावे. शौचास जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलाला वर्गासमोर लाजवू नये. मुलींसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह असणे ही चैन नव्हे. ती आरोग्याची गरज आहे. शौच दाबून ठेवण्याची सवय शाळेत लागते आणि पुढे आयुष्यभर छळते.

स्त्रियांचे दुखणे तर दुहेरी झाकलेले असते. पाळीचे दुखणे, आतड्याचे दुखणे आणि गर्भाशयाचे दुखणे यांना घरात एकच उत्तर मिळते : 'शेक घे आणि कामाला लाग.' आशा कार्यकर्तीने गृहभेटीत शेकाची चौकशी करावी. किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, कशाने, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून बरेच काही उघड होईल. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज शेक घ्यावा लागत असेल, तर त्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, असा साधा नियम गावाने स्वत:पुरता करून घेण्यास काय हरकत आहे ?

ग्रामपंचायतीच्या फलकावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. २०१४ पासून ही सेवा राज्यात चालू आहे. तरी रात्री दोन वाजता कोपीत कळवळणाऱ्या माणसाला तो क्रमांक आठवत नाही. त्याखालीच वर सांगितलेली तातडीची लक्षणे लिहावीत. शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या धास्तीने रुग्ण घरी ठेवला जाऊ नये म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील जवळच्या रुग्णालयांची नावेही तेथे असावीत. या कामाला मोठा निधी लागत नाही. एक डबा रंग आणि एका दुपारचे श्रम पुरेसे आहेत.

शेक ही आजीने दिलेली, हाताशी असलेली आणि पैसा न लागणारी सोय आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही आणि तिच्यावर सर्व भार टाकण्याचेही कारण नाही. ज्या दुखण्याचे नाव कळले आहे, ज्यावर उपचार चालू आहेत, त्याला शेकाची ऊब जरूर द्यावी. ज्या दुखण्याचे नाव अजून कळलेले नाही, त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. एवढा एकच भेद बेलापूरच्या घराघरांत आणि फडाफडांत पोचला, तरी उशिरा रुग्णालयात पोचणाऱ्यांची संख्या निश्चितच घटेल आणि गावातील कितीतरी माणसांचे दु:ख हलके होईल.